मनोरीचा किनारा कोणाच्या हाती?

मनोरी, गोराई, उत्तन या पट्ट्यात शनिवार-रविवारी लोकांनी जावे की जाऊ नये, हा वाद मुंबईत दर काही महिन्यांनी पेटतो आणि तितक्याच लवकर विझतो. एका बाजूला 'तासाभरावरचे गोवे' म्हणून या बेटाची जाहिरात करणारे असतात. खाडी ओलांडा, बोंबील खा, सूर्यास्त पाहा, गावाला चार पैसे मिळतात, मग अडचण काय, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला रविवारी रात्रीचा कचरा, वाळूतल्या बाटल्या आणि कर्कश गाणी पाहून कावलेले लोक असतात. आमची संस्कृती बुडाली, बाहेरच्यांना बंदी करा, ही त्यांची मागणी. दोन्ही बाजूंचा संताप किंवा उत्साह खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण दोघेही पर्यटकाच्या वागणुकीवर भांडतात. ज्या वाळूवर हे सगळे चालते ती कोणाच्या नावावर आहे आणि तिचा वापर ठरवतो कोण, हे विचारायला कोणी तयार नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. लोकांनी जावे, जरूर जावे. मात्र मासळी सुकवायची खळी, होड्या ओढून ठेवायची वाळू, धक्का आणि गावठाण-कोळीवाड्याची हद्द ही कायद्याने, नकाशावर, गावाच्या नावे पक्की व्हायला हवी, आणि तीही पर्यटनाचा पुढचा आराखडा मंजूर होण्याआधी. किती माणसे, कुठे, कोणत्या दिवसांत, याचा अधिकार तिथल्या मच्छीमार संस्थांकडे आणि गावठाणातल्या लोकांकडे हवा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी रिसॉर्ट आणि मग हक्क, तर हक्क कधीच येत नाहीत. मुंबईच्या इतिहासात हे इतक्यांदा घडले आहे की त्याला योगायोग म्हणता येणार नाही.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. जुन्या कागदपत्रांतले हे धारावी बेट; शहरातली धारावी ती वेगळी. भाईंदरकडून रस्त्याने जाता येते, पण मालाडच्या माणसाला मार्व्याहून आणि बोरिवलीच्या माणसाला गोराईच्या धक्क्यावरून खाडी ओलांडणेच सोयीचे. मनोरी आणि गोराई मुंबई महापालिकेत, तर उत्तन, पाली, चौक, डोंगरी मीरा-भाईंदर महापालिकेत, ठाणे जिल्ह्यात. वस्ती कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या मूळच्या स्थानिक ख्रिस्ती शेतकऱ्यांची. कोळ्यांतही मोठा भाग ख्रिस्ती. एकाच गावात क्रूस, चर्चचा सण, भातशेती, ताडाची झाडे आणि डोल जाळ्याची मासेमारी एकत्र नांदताना दिसते. चौकला धारावीचा किल्ला होता. चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. म्हणजे या बेटाकडे बाहेरच्यांची नजर जाणे नवे नाही.

आता विरोधी बाजूचे सगळ्यात भक्कम म्हणणे घेऊ. ते असे की सुट्टी हा माणसाचा हक्क आहे आणि मुंबईत त्या हक्काला जागाच उरलेली नाही. हे मला शंभर टक्के मान्य आहे. रविवारची सुट्टी या शहराला कोणी भेट दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरण्यांना आठवड्याची सुट्टी मिळाली. कांदिवलीच्या वन रूम किचनमधून दोन मुलांना घेऊन निघालेली, फेरीचे तिकीट काढून गोराईच्या वाळूवर चार तास बसणारी बाई त्याच लढ्याची वारस आहे. तिला 'बाहेरची' म्हणून हाकलणाऱ्यांच्या बाजूने मी कधीही उभा राहणार नाही. समुद्रकिनारा सार्वजनिक आहे आणि तो सार्वजनिकच राहिला पाहिजे.

पण हाच मुद्दा थोडा पुढे नेऊन बघा. किनारा सार्वजनिक ठेवला कोणी? कोळ्यांनी कधी वाळूला कुंपण घातले? शतकानुशतके ज्या वाळूवर त्यांची जाळी वाळली, तिथून कोणाला जाऊ नको म्हटल्याचे कोणाला आठवते? कुंपण येते ते बंगल्यांबरोबर, खासगी पाट्यांबरोबर, 'फक्त पाहुण्यांसाठी' असलेल्या फाटकांबरोबर. मढ-मार्वे पट्ट्यात किनारा नियंत्रण क्षेत्रात चित्रीकरणाचे भलेमोठे स्टुडिओ उभे राहिले आणि ते बेकायदा ठरवून पाडायला २०२३ साल उजाडावे लागले. कोळीवाड्यातल्या कोणाला घराची मोडकी भिंत नीट करायची असली की मात्र पहिल्या दिवसापासून परवानग्यांची यादी समोर येते. तेव्हा कांदिवलीच्या त्या बाईचा हक्क आणि उत्तनच्या कोळणीचा हक्क एकमेकांविरुद्ध आहेत, हे मांडणेच चूक आहे. कोळीवाडा जिथे टिकतो तिथे किनारा सगळ्यांना खुला राहतो. तो गेला की सामान्य पर्यटकही फाटकाबाहेरच राहतो.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती शहराच्या लक्षातच येत नाही. आपला आठवडा सोमवार ते रविवार. डोलीवाल्यांचा हिशेब तिथीचा. डोल म्हणजे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांच्या आधाराने पाण्यात उभे केलेले, तोंडाला रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत जाणारे जाळे. ते कोणी ओढत नाही; भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी आत लोटतो. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते तेव्हा कामाची घाई, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा जरा उसंत. उधाण रविवारी आले तर कोळी रविवारी कामात असतो, आणि नेमके त्याच दिवशी त्याच्या कामाच्या जागेवर शहर सहलीला आलेले असते.

ही टक्कर कशी दिसते ते उत्तनच्या एखाद्या खळ्यावर उभे राहिले की कळते. बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडवांना दोऱ्या ताणलेल्या असतात. बाया टोपलीतून ओले, निसरडे बोंबील उचलतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. हात इतके सरावलेले की नजर दोरीकडे नसते, बोलणे शेजारणीशी चालू असते. खाली जमिनीवर जवळा पसरलेला असतो, तो खराट्याने सारखा हलवावा लागतो, नाहीतर खालच्या अंगाने दमट राहतो. मी पाहिले तेव्हा एक पांढरी मोठी गाडी त्या पसरलेल्या जवळ्याच्या कडेवर चाक चढवून उभी होती. आतली माणसे वाईट नव्हती. त्यांना ती मोकळी जागा वाटली, एवढेच. खळ्यावरची बाई काही बोलली नाही. चाकाखालचा जवळा तिने खराट्याने बाजूला केला, वाळू मिसळलेला वेगळा काढला आणि कामाला लागली.

मोकळी जागा! हा सगळा प्रश्न या एका गैरसमजात अडकला आहे. खळे वर्षातले काही महिने रिकामे दिसते. होड्या समुद्रात असल्या की वाळू रिकामी दिसते. जाळी विणायची सावली दुपारी रिकामी दिसते. आराखडा करणारा माणूस कार्यालयात बसून उपग्रहाचे चित्र पाहतो आणि त्याला पडीक जमीन दिसते. केंद्राच्या किनारा नियंत्रण अधिसूचनेतच मच्छीमार वस्त्या, त्यांच्या घरांच्या दीर्घकालीन गरजा आणि मासेमारीची क्षेत्रे नकाशावर दाखवण्याची अपेक्षा आहे. पण मुंबईतल्या कोळीवाड्यांचे सीमांकन हा विषय वर्षानुवर्षे रेंगाळलेला आहे, आणि जिथे हद्द आखली गेली तिथेही घरे धरली, खळी-धक्के सोडले, अशा तक्रारी कोळीवाड्यांतून सतत येत राहिल्या. घर म्हणजे कोळीवाडा, असे धरून चालणाऱ्याला मासेमारी हा धंदा समजलेलाच नाही. गिरणीतून यंत्रे काढून चाळ तेवढी राखली, तर गिरणगाव वाचवले असे कोणी म्हणेल का?

गिरण्यांचे नाव निघालेच आहे तर तिथला धडा नीट आठवू. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्नावा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. कागदावर हे न्याय्य होते. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि हा वाटा संपूर्ण जमिनीऐवजी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरताच मोजायचा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याची शेकडो एकर जमीन एका दुरुस्तीत आक्रसली. त्या जमिनीबद्दल ठरवताना कामगाराला मत होते का? जमीन त्याच्या नावावर नव्हती. त्याचे फक्त आयुष्य तिथे गेले होते. कोळ्यांच्या खळ्याची स्थिती आज तंतोतंत हीच आहे.

यावर लगेच उत्तर येते की गावातलेच लोक जमिनी विकतात, गावातलेच लोक कॉटेज चालवतात. मग कोणासाठी रडता? यात तथ्य आहे आणि ते लपवून उपयोग नाही. मुलीच्या लग्नाला, मुलाच्या शिक्षणाला, आजारपणाला पैसा लागतो तेव्हा माणूस शेताचा तुकडा विकतो. तो त्याचा हक्क आहे. त्याला संस्कृतीरक्षणाचे डोस पाजणारे स्वतः मात्र अंधेरीतला फ्लॅट भाव आला की विकतात. पण ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे त्याने आपले शेत विकणे वेगळे आणि ज्या खळ्यावर पन्नास घरांची मासळी वाळते ते हातचे जाणे वेगळे. ते खळे कोणा एकाचे नाही, म्हणून कोणी एकाने विकूही शकत नाही. ते विकले जात नाही, ते 'वापर बदलून' घेतले जाते. म्हणूनच त्याला सामूहिक हक्काचे कवच लागते.

त्याहून गंभीर आक्षेप मासेमारीच्या भवितव्याचा आहे. डिझेल महाग, खलाशी मिळत नाहीत, मोठ्या यांत्रिक बोटी किनाऱ्याजवळ येऊन जाळी ओढतात, नाल्यांतून आणि खाड्यांतून येणारे शहराचे सांडपाणी माशांच्या पैदाशीच्या जागा मारते. तरुण पोरे पदवी घेऊन नोकरी शोधतात, त्यांना पहाटे होडीवर जायचे नसते. अशा वेळी पर्यटनच तारू शकते, बाकी सगळे स्मरणरंजन, असे म्हणणाऱ्यांना मी झिडकारणार नाही. कोळ्याच्या मुलाने कोळीच राहावे, म्हणजे आम्हाला फोटो काढता येतील, असल्या प्रेमाची मला चीड आहे. त्याला डॉक्टर व्हायचे असेल तर त्याने व्हावे, आणि हॉटेल काढायचे असेल तर त्यानेच काढावे.

प्रश्न फक्त एवढा की पर्यटनाचा पैसा खाडी ओलांडून जातो तेव्हा तो कोणाच्या खिशात उतरतो? या बेटावर पर्यटन कालपरवा आलेले नाही. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, जागतिक विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन २००९ साली झाले. मुंबईच्या एका अख्ख्या पिढीचे बालपण गोराईच्या फेरीत बसून मजेत गेले. पण त्यातल्या किती जणांनी गोराई गाव पाहिले? फाटकाच्या आत येऊन फाटकातूनच परत जाणारे पर्यटन गावाला होडीचे भाडे, पार्किंग आणि शहाळ्याच्या गाड्या देते. त्या पर्यटनाचा आकार कितीही वाढला तरी गावाच्या वाट्याचा प्रकार बदलत नाही. गोराई-मनोरी-उत्तन पर्यटन विकास क्षेत्र म्हणून एमएमआरडीए या महानगर प्राधिकरणाकडे नियोजन सोपवण्याचा घाट घातला गेला तेव्हा गावांनी कडाडून विरोध केला. तेव्हा शहरातल्या अनेकांनी त्यांना विकासविरोधी ठरवले. त्यांचा विरोध पाहुण्यांना नव्हता, आपल्या जमिनीवर आपल्याला न विचारता काढलेल्या रेघांना होता.

दुसऱ्या प्रकारचे पर्यटन शक्य आहे का? आहे, आणि त्यासाठी आकाशातून काही आणायला नको. २०१९च्या किनारा नियंत्रण अधिसूचनेत, ग्रामीण स्वरूपाच्या किनारपट्टीवर, मच्छीमारांसह स्थानिक लोकांना आपल्या राहत्या घरात, घराचे जोते किंवा दर्शनी स्वरूप न बदलता, पाहुणे ठेवण्याची मुभा दिलेली आहे. राज्याच्या पर्यटन महामंडळाची, म्हणजे एमटीडीसीची, निवास-न्याहारी योजना जुनी आहे आणि कोकणात तारकर्लीसारख्या ठिकाणी घरगुती खोल्यांवर कुटुंबे उभी राहिलेली आपण पाहिली आहेत. माहीम कोळीवाड्यात बचत गटांच्या कोळणी सीफूड प्लाझा चालवतात; रावस, खेकडा, तिसऱ्या त्याच शिजवतात, त्याच वाढतात आणि गल्ल्यावरही त्याच बसतात. राज्याने २०२० साली किनाऱ्यांवरच्या कुटींसाठी, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या शॅकसाठी, धोरण आणले, त्यात ८० टक्के कुटी स्थानिकांसाठी राखीव ठेवल्या. त्या धोरणात केळवा, बोर्डी, वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली अशी आठ नावे होती. मुंबईतला एकही किनारा नव्हता. जिथे गर्दी सर्वात मोठी, जमिनीचा दाब सर्वात मोठा, तिथेच स्थानिकांसाठी राखीव वाटा नाही. याचे कारण कोणी सांगेल का?

मुंबईतल्या गावांची आणखी एक गोची आहे, जी बाहेरून दिसत नाही. त्यांना ग्रामसभा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचे उदाहरण महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि आपल्या जंगलातला बांबू विकायचा अधिकारही पुढे त्यांनी झगडून मिळवला. जंगल संपले का? गावाने ते बंद केले का? उलट त्याची काळजी घेणारा, हिशेब ठेवणारा एक जबाबदार मालक त्या जंगलाला मिळाला. मच्छीमारांसाठी असा कायदा देशात नाही. वर गोराई-मनोरी महापालिकेत असल्यामुळे गावाने ठराव करायचा म्हटले तरी तो करायला वैधानिक व्यासपीठच नाही. लाखो मतदारांच्या उपनगरात या गावांचा आवाज एखाद्या प्रभागात विरघळून जातो. मग गावाचे मत म्हणून ऐकले काय जाते? मोर्च्याच्या घोषणा. आणि मोर्चा निघाला की 'बघा, यांना काहीच नको असते' म्हणायला शहर मोकळे.

इथे आमच्या बाजूची एक कमकुवत जागा मान्य करतो. गावाला अधिकार द्या म्हणणे सोपे आहे; पण गाव म्हणजे कोण? होडीचा मालक आणि परगावाहून आलेला खलाशी एक नाहीत. मच्छीमार सहकारी संस्थांच्या कारभारात पुरुषांचा वरचष्मा असतो, तर मासळी सुकवणे, निवडणे, बाजारात नेऊन विकणे हे सारे बायकांच्या डोक्यावर. संस्थेला अधिकार दिला आणि संस्थेच्या चार बड्यांनी खळे एखाद्या हॉटेलवाल्याला भाड्याने दिले तर? ही भीती खरी आहे. म्हणून खळ्याबद्दलचा कोणताही निर्णय खळ्यावर काम करणाऱ्या बायकांच्या बहुमताशिवाय होता कामा नये, अशी अट कायद्यातच हवी. पण अधिकाराचा गैरवापर होईल म्हणून अधिकारच नको, हा युक्तिवाद आपण महापालिकेला, म्हाडाला, सिडकोला कधी लावला? तो नेमका गरिबांच्या संस्थांनाच का लागतो?

पुलांचा मुद्दाही टाळता येणार नाही. वेसावे (वर्सोवा) ते मढ होडीने काही मिनिटे, आणि रस्त्याने मालाडला वळसा घालून वीसेक किलोमीटर. मनोरीत रात्री कोणाच्या छातीत कळ आली तर फेरी नसते, भाईंदरचा लांबचा रस्ता धरावा लागतो. ज्यांना असा प्रसंग आलेला नाही त्यांनी 'पूल नको, बेटाचे बेटपण राहू दे' म्हणू नये. १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला, त्याला अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसा दिला; त्याआधी वांद्रे-माहीम दरम्यानची खाडी पावसाळ्यात जीव घेत असे. पूल हवेतच. पण पुलाबरोबर जमिनीचा भाव येतो, भावाबरोबर दलाल येतात, आणि दलाल हद्दी निश्चित होण्याची वाट पाहत नाहीत. म्हणून पुलाच्या निविदेआधी सीमांकन, हा माझा आग्रह आहे.

जुहूकडे पाहा. एकोणिसाव्या शतकापर्यंत जुहू साष्टीच्या कडेचे चिंचोळे, वाळूचे बेट होते. ओहोटीला पायी ओलांडता येई. तिथे कोळी होते, ईस्ट इंडियन होते, मीठ आणि मासळी होती. १८९०च्या दशकात जमशेटजी टाटांनी तिथे जमीन घेतली, १९२८ साली विमानतळ आला, मग श्रीमंतांचे विश्रांतीचे बंगले, मग हॉटेले. आज जुहूचे नाव घेतले की चौपाटी, भेळ आणि नट-नट्यांचे बंगले डोळ्यांसमोर येतात. मोरागावचे कोळी आजही समुद्रात जातात, हे पाच मिनिटांवर राहणाऱ्यालाही ठाऊक नसते. कोणी त्यांना एका दिवसात हाकलले नाही. प्रत्येक टप्प्यावर थोडी जागा गेली आणि प्रत्येक टप्प्यावर ती सार्वजनिक हिताचीच होती. मनोरी जुहूच्या वाटेवर पहिल्या टप्प्यात आहे. म्हणजे अजून वेळ आहे.

पर्यटकांच्या कचऱ्याबद्दल जे लिहिले जाते त्यात मला एक मोठा अप्रामाणिकपणा दिसतो. बाटल्या उचलायलाच हव्यात, पण उत्तनच्या धावगी डोंगरावर काय आहे ते पाहिले आहे का? मीरा-भाईंदर शहराचा कचरा वर्षानुवर्षे तिथे जातो. त्या ढिगाऱ्याला आगी लागतात, धूर गावात उतरतो, पावसाळ्यात काळे पाणी शेतात आणि समुद्राकडे वाहते. आणि त्याच उत्तनच्या किनाऱ्यावर रविवारी शहर मोकळी हवा घ्यायला येते. शहराने गावाला नेमून दिलेली ही दोन कामे आहेत: घाण झेलणे आणि मन रमवणे. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प नियोजित आहे, डोंगरीला मेट्रोचे कारशेड आखले गेले आणि त्यासाठी हजारो झाडांवर कुऱ्हाड टांगली गेली. प्रत्येक प्रकल्प स्वतंत्रपणे समर्थनीय असेलही. सगळे एका बेटावर मांडून त्यांचा एकत्रित हिशेब मात्र कोणत्याही एका कार्यालयात होत नाही. फक्त त्या गावातल्या माणसाच्या डोक्यात होतो.

गावातल्या माणसाच्या डोक्यातला हिशेब ऐकला तर काय होते, याचे ताजे उदाहरण वरळीचे आहे. सागरी किनारा मार्ग वरळीला सागरी सेतूला जोडताना होड्यांच्या वाटेवर खांब येत होते आणि दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलेले होते. क्लीव्हलँड बंदरातून रोज ये-जा करणारे कोळी सांगत होते की वारा आणि लाट असताना एवढ्या फटीतून होडी काढणे जिवावर बेतेल. अभियंत्यांचे म्हणणे, पुरेसे आहे. कोळ्यांनी होड्या घेऊन समुद्रात काम अडवले, महिनेच्या महिने वाद चालला, आणि अखेर अंतर १२० मीटर झाले. मार्ग थांबला नाही, गाड्या धावतातच आहेत. मग हे पहिल्या दिवशी विचारून का झाले नाही? समुद्राची माहिती ज्याच्याकडे आहे त्याला आराखड्याच्या टेबलावर बसवले असते तर वेळही वाचला असता आणि पैसाही.

हेच पर्यटनाला लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर, हाती नगद नाही, घरात खर्च तेवढेच. नेमक्या त्याच दोन महिन्यांत पावसात भिजायला शहर बाहेर पडते. खळीही तेव्हा रिकामी असतात. घरगुती खोल्या, सुक्या बोंबलाची चटणी, ईस्ट इंडियनांच्या बॉटल मसाल्यातली कोलंबी, हाताच्या भाकऱ्या यांचा खरा हंगाम तोच ठरू शकतो, फक्त पाण्यात उतरायला सक्त मनाई ठेवून, कारण या किनाऱ्यांवर पावसाळ्यात माणसे बुडतात आणि त्यांना शोधायला उतरतात ते कोळीच. उलट ऑक्टोबरनंतर मासळी सुकवणे जोरात असते, तेव्हा उधाणाच्या दिवसांत खळ्यांकडे जाणारे रस्ते गाड्यांना बंद ठेवता येतील. फेरीच्या तिकिटावर छोटा अधिभार लावून तो थेट गावाच्या सफाई आणि जीवरक्षक निधीत टाकता येईल. हे वेळापत्रक मंत्रालयात बसून कोणाला सुचणार नाही. मनोरीच्या कोळणीला ते अर्ध्या तासात सांगता येईल.

म्हणून जे दर महिना-दोन महिन्यांनी तिकडे जातात, त्यांना माझी एक विनंती आहे. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे, विकास आराखड्यातले बदल, कोळीवाड्यांचे सीमांकन यांवर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा त्या पाठवायला गावठाणातलेच चार लोक धावाधाव करतात. पुढच्या वेळी बोरिवली, कांदिवली, मालाड, दहिसरमधूनही हरकती जाऊ द्यात. मी या किनाऱ्याचा वापर करतो, तिथली खळी मासेमारीची जागा म्हणून नकाशावर दाखवा, त्यांचा वापर बदलू नका, गावकऱ्यांच्या संमतीशिवाय किनाऱ्यालगत हॉटेलला परवानगी देऊ नका, आणि कुटी धोरणात मुंबईचे किनारे स्थानिकांच्या राखीव वाट्यासह आणा, एवढे एका कागदावर लिहिता येते. मराठीत लिहा, नाव-पत्ता घाला, आणि पोच घ्यायला विसरू नका.